वाटेत किती सांडले?

आषाढात पावसाचा जोर धरला की मूल, सिंदेवाही, आरमोरी, चामोर्शी भागातल्या बांध्यांमध्ये चिखलणीची घाई उडते. पूर्वी हल्यांच्या जोड्या चिखल तुडवत. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी केजव्हील लावलेला ट्रॅक्टर फिरतो. ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती एचपीचा? माहितीपत्रकावर मात्र त्याची दोन उत्तरे छापलेली असतात. इंजिनाचे एचपी ४५ असले, तर पीटीओचे, म्हणजे मागच्या बाजूला थ्रेशर किंवा रोटाव्हेटर जोडतात त्या फिरत्या दांड्याचे, एचपी ३८-३९ च्या आसपास असते. इंजिनापासून दांड्यापर्यंतचे अंतर जेमतेम दोन-अडीच मीटर. तेवढ्यात सहा घोडे गळाले कुठे? चाक चिखलात उतरल्यावर आणखी किती गळतात, ते तर त्या कागदावर नसतेच.

यंत्राच्या ताकदीला घोड्याचे माप लावणारा जेम्स वॉट हाच अशा गळतीचा पहिला मोठा हिशेबनीस. वाफेच्या इंजिनाचा जनक म्हणून त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, पण ते इंजिन त्याच्या जन्माआधी चोवीस वर्षे, १७१२ मध्येच, थॉमस न्यूकोमेन या इंग्लंडमधल्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने चालवून दाखवले होते. चहाच्या किटलीचे झाकण उडताना पाहून छोट्या जेम्सला वाफेची शक्ती उमगली, ही गोष्टही नंतर फुलवलेली. वॉटने केले ते वेगळेच. यंत्रात किती घातले आणि शेवटी कामाच्या जागी किती पोचले, हे तो आयुष्यभर मोजत राहिला आणि मधे कुठे सांडते ते शोधत राहिला.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या ग्रीनॉक गावात जानेवारी १७३६ मध्ये त्याचा जन्म झाला. वडील जहाजांच्या सुतारकामात आणि व्यापारात होते. जहाजांवरची होकायंत्रासारखी उपकरणेही दुरुस्त करत. मुलगा अशक्त होता. अर्धशिशीने दिवस दिवस डोके धरून पडून राही, म्हणून शाळा सलग झालीच नाही. आई घरी शिकवी. वडिलांच्या कार्यशाळेत त्याला स्वतःची छोटी हत्यारे मिळाली होती. त्या हत्यारांवर बसलेला हात आणि ती डोकेदुखी, दोन्ही जन्मभर टिकली. पुढे इंजिनाच्या ऐन धामधुमीतही डोकेदुखी आणि खिन्नता यांनी त्याचे आठवडेच्या आठवडे वाया घालवले. आज अर्धशिशीवर जी औषधे सहज मिळतात त्यांतले त्या काळी काहीच नव्हते.

१७५५ मध्ये तो मोजमापाची उपकरणे बनवायला शिकण्यासाठी लंडनला गेला. उमेदवारी सात वर्षांची असे. त्याने एका कारागिराला पैसे देऊन ती एका वर्षात उरकली. अंधाऱ्या खोलीत, अपुऱ्या जेवणावर आणि रात्री उशिरापर्यंत जागून केलेल्या त्या वर्षाने तब्येत पार ढासळली. १७५६ मध्ये तो परतला. १७५७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात दुकान थाटायला जागा दिली. हुद्दा होता विद्यापीठाचा उपकरण-कारागीर. प्राध्यापक नाही, पदवीधर नाही. पण त्याच्या दुकानात उठबस होती ती रसायनशास्त्राचा प्राध्यापक जोसेफ ब्लॅक आणि जॉन रॉबिसन यांच्यासारख्यांची.

१७६३-६४ च्या हिवाळ्यात विद्यापीठातले न्यूकोमेन इंजिनाचे एक छोटे नमुना-यंत्र दुरुस्तीसाठी त्याच्याकडे आले. वर्गात दाखवायचे ते खेळणे. दुरुस्त केल्यावरही ते चार-दोन फेऱ्या मारून थांबे. बॉयलर त्याच्या मानाने पुरेसा असूनही वाफ कमी पडे. दुसरा कोणी असता तर मोठा बॉयलर लावून मोकळा झाला असता. वॉटने मात्र हिशेब मांडला. सिलिंडर एकदा भरायला किती वाफ लागायला हवी आणि प्रत्यक्षात किती जाते? उत्तर चक्रावणारे होते. सिलिंडरच्या मापाच्या कित्येक पट वाफ दर खेपेला खर्ची पडत होती.

कारण यंत्राच्या घडणीतच होते. न्यूकोमेनच्या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ सोडायची, मग आत गार पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी होते, आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्या खाली ढकलतो. पण त्या फवाऱ्याने सिलिंडरही गार पडतो. पुढच्या खेपेची वाफ आधी थंड लोखंड तापवण्यात जाते आणि मग कामाला लागते. सुमारे तीन चतुर्थांश उष्णता अशी केवळ भांडे गरम करण्यात जात होती. वाफेचे पाणी होताना एवढी उष्णता का बाहेर पडते याचे कोडे वॉटला पडले, तेव्हा ब्लॅकने त्याला आपला सुप्त उष्णतेचा सिद्धांत समजावून सांगितला. कारागिराला प्रयोगातून दिसलेले आणि प्राध्यापकाने सिद्ध केलेले तिथे एकमेकांना भेटले.

१७६५ च्या वसंतातल्या एका रविवारी ग्लासगोच्या हिरवळीवर फिरताना त्याला उपाय सुचला. सिलिंडर गार करायचाच नाही. वाफ शेजारच्या एका वेगळ्या भांड्यात ओढून घ्यायची आणि ते भांडे तेवढे थंड ठेवायचे. सिलिंडर कायम गरम, कंडेन्सर कायम थंड. एवढेच.

ते भांडे आज चंद्रपुरात आहे. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या महाऔष्णिक केंद्रात, २,९२० मेगावॉटच्या त्या पसाऱ्यात, प्रत्येक टर्बाइनच्या पोटाखाली कंडेन्सर असतो आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे तिथे पुन्हा पाणी होते. त्यासाठी पाणी लागते इरई धरणाचे. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटले आणि कोळसा हाताशी असूनही संच बंद ठेवावे लागले, ते मुख्यतः याच थंड बाजूच्या पायी. उष्णता कितीही पेटवली, तरी तिला जायला थंड जागा नसेल तर काम निघत नाही. कोळशातल्या ऊर्जेपैकी आजही साधारण एक तृतीयांश किंवा थोडा जास्त भागच विजेच्या रूपात तारेवर चढतो. उरलेली बरीचशी उष्णता शीतकरण मनोऱ्यांवाटे चंद्रपूरच्या आकाशात जाते. वॉटच्या हिशेबाचा हा खर्चाचा रकाना अजून कोणाला शून्यावर आणता आलेला नाही, आणि उष्णतेच्या नियमांप्रमाणे तो कधी शून्य होणारही नाही.

कल्पना सुचली तरी यंत्र उभे राहायला अकरा वर्षे गेली. इतका घट्ट, गोल सिलिंडर त्या काळी कोणाला कोरताच येत नव्हता. दट्ट्याच्या कडेने वाफ गळे. वॉटने चिंध्या, कागद, बूच, चामडे असे काय काय कोंबून पाहिले. पैसा संपला. १७६४ मध्ये त्याने आपल्या नात्यातल्या मार्गारेट मिलरशी लग्न केले होते. संसार चालवायला त्याला कालव्यांच्या मोजणीची कामे घ्यावी लागली. लोखंड-कारखानदार जॉन रोबक याने भांडवल घातले, १७६९ मध्ये पेटंट मिळाले, पण रोबकचेच दिवाळे वाजले. १७७३ मध्ये वॉट स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात कालव्याची आखणी करत असताना मार्गारेट बाळंतपणात गेली. तो घरी पोचेपर्यंत सगळे संपले होते.

१७७४ मध्ये तो बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात आला. रोबकचा पेटंटमधला हिस्सा बोल्टनने घेतला होता. बोल्टन हा उमदा, धंद्यात मुरलेला माणूस. वॉट चिंतातुर, भावतावाला भिणारा. ही जोडी जमली. तोफांच्या नळ्या कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनने नव्या पद्धतीने सिलिंडर कोरून दिला आणि १७७६ मध्ये पहिली इंजिने प्रत्यक्ष कामाला लागली. त्याच वर्षी वॉटने अॅन मॅक्ग्रेगरशी दुसरे लग्न केले.

त्यांची विक्रीची पद्धत आजच्या कोणत्याही दुकानदाराला बुचकळ्यात टाकेल. ते इंजिनाची किंमत घेत नसत. गिऱ्हाइकाने आपल्या खर्चाने यंत्र उभारायचे आणि जुन्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या एक तृतीयांश रक्कम पेटंट संपेपर्यंत देत राहायची. म्हणजे धंदाच मुळी मोजणीवर उभा. कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींतले पाणी उपसायला ही इंजिने बसली. तिथे कोळसा दुरून आणावा लागे, म्हणून बचतीला मोल होते. कोळसा अंगणातच असलेल्या घुग्घुस-बल्लारपूरसारख्या जागी ही बोली एवढी आकर्षक ठरली नसती. इंजिनाच्या तुळईवर कुलूपबंद पेटीत एक गणक बसवलेला असे. तुळई किती वेळा वरखाली झाली ते त्यात नोंदले जाई. त्यावरून काम आणि बचत काढायची. खाणमालक पैसे द्यायला कुरकुर करत, खटले भरत. वॉटची डोकेदुखी वाढे.

उपसा करणाऱ्या इंजिनाला फक्त वरखाली हलायचे असते. गिरणीला मात्र फिरते चाक हवे, आणि इंजिनापासून चाकापर्यंतचा प्रश्न इथेच सुरू झाला. सरळ हालचालीचे फिरण्यात रूपांतर करायला क्रँक हा सोपा उपाय. पायाने चालणाऱ्या शिवणयंत्रात तोच असतो. पण १७८० मध्ये बर्मिंगहॅमच्याच एका कारखानदाराने इंजिनावरच्या क्रँकच्या रचनेचे पेटंट घेऊन ठेवले होते. त्याला पैसे मोजायचे नाहीत म्हणून १७८१ मध्ये वॉटच्या कारखान्यातून सूर्य-ग्रह नावाचे दातेरी चक्र निघाले. एक दातेरी चाक दुसऱ्याभोवती ग्रहासारखे फिरते. दोन्ही सारख्या मापाची असली, तर तुळईच्या एका पूर्ण हेलकाव्यात आस दोनदा फिरतो. कल्पना मूळची विल्यम मर्डॉक या त्याच्या हुशार सहकाऱ्याची, असे मानले जाते. १७८२ मध्ये दट्ट्याला दोन्ही बाजूंनी वाफेचा रेटा मिळू लागला. १७८४ मध्ये वॉटने दट्ट्याच्या दांड्याला सरळ रेषेत धरून ठेवणारी दांड्यांची जुळणी केली. म्हातारपणी विचारले असते, तर त्याने आपल्या सगळ्या कामांत हिचाच अभिमान सर्वांत जास्त सांगितला असता. १७८८ मध्ये वेग आपोआप आवरणारा, फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक आला.

आता गिऱ्हाईक बदलले होते. गिरणीवाल्याकडे जुने इंजिन नव्हतेच, मग कोळशाची बचत कशाशी ताडून पाहायची? त्याच्याकडे घोडे होते. घाण्याच्या बैलासारखे गोल फिरणारे. त्याचा प्रश्न एवढाच असे, की हे यंत्र माझे किती घोडे सोडवेल?

वॉटने १७८२-८३ मध्ये त्याचे उत्तर आकड्यात बांधले. गिरणीचा घोडा २४ फूट व्यासाच्या रिंगणात मिनिटाला अडीच फेऱ्या मारतो आणि साधारण १८० पौंडांचा जोर लावतो, अशी माहिती त्याने घेतली. परीघ व्यासाच्या ढोबळ तिप्पट धरला, तर घोडा मिनिटाला १८० फूट चालतो. १८० गुणिले १८० म्हणजे ३२,४००. त्याने तो आकडा ३३,००० केला. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या मापात ७४६ वॉट. खरा घोडा दिवसभर एवढे काम ओढू शकत नाही. माप मुद्दाम थोडे सढळ ठेवले, म्हणजे दहा घोड्यांचे इंजिन घेणाऱ्याला फसल्यासारखे वाटणार नाही.

पण या मोजमापात एक खाच आहे, आणि ट्रॅक्टरच्या दोन आकड्यांचे मूळ तिच्यातच आहे. घोड्याचा जोर वॉटने घोड्यापाशी, म्हणजे ओढण्याच्या जागी मोजला. इंजिनाचा जोर कुठे मोजायचा? १७९० च्या दशकात त्याने सिलिंडरला जोडायचे एक छोटे उपकरण केले. त्यातला काटा आतल्या वाफेचा दाब दाखवी. १७९६ मध्ये त्याचा सहकारी जॉन सदर्न याने काट्याला पेन्सिल लावली आणि खाली दट्ट्याबरोबर सरकणारी पाटी बसवली. एका खेपेत पेन्सिल एक बंद आकृती काढी. त्या आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे वाफेने दट्ट्यावर केलेले काम. कारखान्याने हे उपकरण कित्येक वर्षे गुपित ठेवले. पण ते सांगत होते फक्त सिलिंडरच्या आतली गोष्ट. तुळईच्या बिजागऱ्या, सूर्य-ग्रहाचे दाते, आसाची बेअरिंगे ओलांडून गिरणीच्या दगडापर्यंत त्यातले किती पोचते, हे त्यावरून कळत नसे. ते टोक मोजले फ्रान्सच्या गास्पार द प्रोनी याने, १८२१ मध्ये, वॉटच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. फिरत्या आसावर लाकडी ठोकळे आवळून ब्रेक लावायचा आणि त्या ब्रेकला बांधलेल्या लांब दांड्याच्या टोकाला वजने टांगून तो तोलायचा. किती वजनाला तोल साधतो आणि आस किती वेगाने फिरतो, एवढ्यावर बाहेर पडणारी शक्ती निघते. वॉटच्या पाटीवरची शक्ती आणि प्रोनीच्या ब्रेकवरची शक्ती यांतला फरक म्हणजे वाटेत सांडलेली शक्ती. बीएचपी या अक्षरांतला बी हा त्या ब्रेकचाच.

आजच्या मोटारीत वाट लांबली आहे. इंजिनानंतर क्लच, गिअरबॉक्स, लांब दांडा, डिफरन्शियल, अर्धे आस, बेअरिंग आणि शेवटी टायर. प्रत्येक टप्पा आपला वाटा कापून घेतो, आणि ही कपात बेरजेने नव्हे तर गुणाकाराने होते. गिअरबॉक्समधून ९८ टक्के, दांड्याच्या सांध्यांतून ९९ टक्के आणि डिफरन्शियलमधून ९६ टक्के शक्ती पुढे गेली, तर टायरपाशी सुमारे ९३ टक्के येते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये दाते एकमेकांवर घसरत फिरतात, म्हणून तिथे कपात जास्त. इंजिन आडवे बसवलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत हा काटकोनी वळसाच नसतो, म्हणून ती थोडी नफ्यात. चारही चाके ओढणारी जीप सर्वांत उधळी.

गॅरेजमध्ये सरसकट पंधरा टक्के धरायची पद्धत आहे. ती सोयीची आहे, खरी नाही. शंभर एचपीच्या गाडीचे पंधरा एचपी वाटेत गेले म्हणजे सुमारे अकरा किलोवॉट उष्णता, एक किलोवॉटच्या अकरा शेगड्यांएवढी. तेवढी सगळी नुसत्या गिअरबॉक्समध्ये मुरली, तर आतले तेल उकळू लागेल. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग टायरमध्ये जातो. चाक फिरताना टायर दबते, फुगते आणि तापते. शिवाय सगळी तूट शक्तीच्या प्रमाणात वाढत नाही. तेल घुसळण्याचा खर्च वेगाप्रमाणे वाढतो; गाडी रिकामी असो की भरलेली, तो द्यावाच लागतो. दात्यांतले घर्षण मात्र ओझ्याप्रमाणे वाढते. म्हणून इंजिनाची ताकद दुप्पट केली तर तूटही दुप्पट होईल, हा हिशेब फसतो.

मोजायचे कसे? चाके रुळांवर चढवून गाडी जागच्या जागी पळवतात, तिथे चाकापाशी आलेली शक्ती कळते. मग क्लच दाबून रूळ आपोआप मंदावू देतात. ते किती भराभर मंदावतात यावरून ओढ काढायची आणि चाकाच्या आकड्यात मिळवायची, म्हणजे इंजिनाचा अंदाज येतो. अंदाजच, कारण क्लच दाबल्यावर दात्यांवर ओझे उरत नाही, म्हणजे ओझ्याबरोबर वाढणारे घर्षण या मोजणीतून निसटते. खात्रीचा मार्ग एकच आणि तो खर्चिक आहे. इंजिन उतरवून वेगळे मोजायचे, गाडीत बसवून चाकापाशी पुन्हा मोजायचे आणि वजाबाकी करायची. ट्रॅक्टरची सरकारी तपासणी मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या संस्थेत होते. तिथे पीटीओची शक्ती आणि हुकाची ओढ या दोन्हींच्या वेगवेगळ्या चाचण्या घेतात, तो याच विचाराचा भाग. मऊ, नांगरलेल्या रानात चाकाची घसरण आणि माती दाबण्याचा खर्च धरला, तर इंजिनाच्या ताकदीपैकी निम्म्याच्या आसपासच ओढायला उरते. धानाच्या बांधीतल्या चिखलात टायर काढून केजव्हील लावतात ते ही घसरण कमी करायला.

रस्त्यावर धावणारे इंजिन मात्र वॉटला नको होते. मर्डॉकने १७८० च्या दशकात कॉर्नवॉलमध्ये वाफेवर चालणारी छोटी गाडी करून पळवली होती. वॉटने आपल्या पेटंटमध्ये अशा गाडीचा उल्लेख करून ठेवला, जेणेकरून दुसऱ्या कोणाला ते क्षेत्र मिळू नये, आणि मर्डॉकला तो नाद सोडायला लावले. जास्त दाबाची वाफ त्याला धोक्याची वाटे. बॉयलर फुटण्याची भीती खरीच होती. पण हलकी, चाकांवर बसणारी इंजिने त्याच वाटेने होणार होती, आणि १८०० साली पेटंट संपल्यावर ती झालीही. गळती शोधणाऱ्या माणसाने दुसऱ्यांच्या कल्पनांवर पंचवीस वर्षे झाकण ठेवले, हेही त्याच्या खात्यात लिहावे लागते.

आजाराने त्याच्या घराची पाठ सोडली नाही. दुसऱ्या लग्नापासूनची मुलगी जेसी १७९४ मध्ये पंधराव्या वर्षी क्षयाने गेली. क्षयाचा जंतू सापडायला अजून अठ्ठ्याऐंशी वर्षे होती, औषधाला दीडशे. वॉटने शोक केला तो आपल्या पद्धतीने. ब्रिस्टलचा डॉक्टर थॉमस बेडोज निरनिराळे वायू हुंगवून छातीचे आजार बरे होतात का ते पाहत होता. वॉटने त्याच्यासाठी वायू तयार करायची, धुवून शुद्ध करायची आणि मापाने रोग्याला द्यायची उपकरणे बनवली, दोघांनी मिळून त्यावर लिहिले. क्षय बरा झाला नाही. ज्याची शक्ती रोज थोडी थोडी गळते अशा देहाचा हिशेब त्या उपकरणांना लागला नाही. पण बेडोजच्याच संस्थेत तरुण हम्फ्री डेव्हीने नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगून पाहिला, आणि त्याने वेदना मरते हे १८०० मध्ये लिहून ठेवले. शस्त्रक्रियेत भूल द्यायला त्यानंतरही चार दशके लागली. डेव्हीचा मित्र झालेला वॉटचा धाकटा मुलगा ग्रेगरी १८०४ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी क्षयानेच गेला.

१८०० मध्ये वॉटने धंदा मुलांवर सोपवला. आता तो श्रीमंत होता, आणि नवल म्हणजे तब्येतही सुधारली. जन्मभर छळणारी डोकेदुखी उतारवयात बरीच कमी झाली. अर्धशिशी पुष्कळांची वयाबरोबर ओसरते. त्याच्या बाबतीत खटले आणि हिशेबनिसांचे तगादे संपले हेही कारण असेल. बर्मिंगहॅमजवळच्या हीथफील्ड या घराच्या माळ्यावर त्याने कार्यशाळा मांडली. उन्हाळ्यात तापणारी, हिवाळ्यात गारठणारी ती खोली. पुतळ्यांच्या हुबेहूब लहान-मोठ्या प्रती कोरणारे यंत्र तो तिथे जमवत बसे. एक सुई मूळ पुतळ्यावरून फिरते, दुसऱ्या टोकाला फिरणारे पाते दगड तेवढाच कापते. मधल्या दांड्यांत जरा ढिलेपणा आला, की नाकाचा आकार चुकतो. गिऱ्हाईक नव्हते, घाई नव्हती.

२५ ऑगस्ट १८१९ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, तो त्याच घरात गेला. १८८२ मध्ये विल्हेल्म सीमेन्स या अभियंत्याने शक्तीच्या एककाला त्याचे नाव सुचवले आणि ते रुळले. माळ्यावरची खोली मात्र कुलूप लावून तशीच ठेवली गेली. शंभरावर वर्षांनी, १९२४ मध्ये, घर पाडण्याआधी तिच्यातली हजारो हत्यारे, भांडी, बाटल्या आणि अर्धवट कोरलेले पुतळे जसेच्या तसे लंडनच्या विज्ञान संग्रहालयात नेण्यात आले. पुतळे कोरणारी दोन यंत्रे त्यांतच आहेत.